बांध कोणाचा?

नागरिकाचे कर्तव्य हा शब्दप्रयोग आपल्याकडे ठरावीक दिवशी कपाटातून काढून पुसायचा आणि संध्याकाळी पुन्हा आत ठेवायचा जिन्नस झाला आहे. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट आणि आम्हा गोमंतकीयांपुरता 19 डिसेंबर, हे त्याचे मानाचे दिवस. ध्वज फडकतो, कवायत होते, प्रमुख पाहुणे समोरच्या मुलांना उद्याचे नागरिक म्हणून उपदेश करतात आणि मागे खुर्च्यांवर बसलेले आजचे नागरिक त्या उपदेशातून सहीसलामत सुटतात. उपदेशाचा मजकूरही असा गुळगुळीत की तो ऐकून कोणाच्या झोपेत व्यत्यय येऊ नये. देशावर प्रेम करा, शिस्त पाळा, मत द्या. हे सारे बरोबरच आहे. परंतु घरी परतणाऱ्या माणसाने उद्या सकाळी नेमके काय करायचे, आणि त्याने ते न केल्यास नेमके कोणाचे काय बिघडते, हे त्याला कोणी सांगत नाही.

संविधानात कर्तव्यांचे एक कलम आहे, 51-अ. मूळ संविधानात ते नव्हते. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने ते आले. तेव्हा त्यात दहा कर्तव्ये होती, 2002 च्या 86 व्या दुरुस्तीने मुलांच्या शिक्षणासंबंधीचे अकरावे त्यात जमा झाले. यांपैकी एकाही कर्तव्याशी आमचे भांडण नाही. पण त्या कलमाचा जन्मकाळ विसरता येत नाही. देशात आणीबाणी होती, विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात होते, वृत्तपत्रांच्या मजकुरावर सेन्सॉरची कात्री चालत होती. नागरिकाच्या हातातून हक्क काढून घेतले गेले त्याच काळात त्या रिकाम्या हातात कर्तव्यांची यादी ठेवण्यात आली. गोमंतकाला हा अनुभव नवा नव्हता. सालाझारच्या राजवटीतही कर्तव्याची भाषा भरपूर होती. सभा भरवायची तर परवानगी हवी, छापायचा मजकूर, अगदी लग्नाची निमंत्रणपत्रिकासुद्धा, सेन्सॉरपुढे ठेवायला हवी, आणि हे सारे निमूटपणे सोसेल तो चांगला नागरिक. हुकूमशहाच्या कोशात कर्तव्याचा अर्थ गप्प बसणे असाच दिलेला असतो. स्वातंत्र्यासाठी झगडलेल्या मंडळींच्या कानाला हा शब्द पुढेही किंचित खटकत राहिला आणि तो खटकावा हे योग्यच होते.

मग लोकशाहीत त्या शब्दाला कोणता अर्थ द्यायचा? राज्यशास्त्राचे ग्रंथ यावर पुष्कळ सांगतात. पण आमच्या मते गोव्यातील माणसाने त्याचे उत्तर आपल्याच खाजन शेतीत उतरून शोधावे. तेथे ते चिखलाने माखलेले सापडेल, पण स्पष्ट सापडेल.

गोव्यात सुमारे 18 हजार हेक्टर खाजन जमीन आहे. 3,702 चौरस किलोमीटरच्या या चिमुकल्या राज्यात हा तुकडा लहान म्हणता येणार नाही. चोडण, दिवाडी, नेवरा, मंडूर, आगशी, चिंचिणी अशी कितीतरी गावे या जमिनीच्या काठावर वसली. मांडवी, झुआरी आणि त्यांना मिळणाऱ्या खाड्यांच्या कडेची ही जमीन निसर्गाने आपल्याला दिलेली नाही. ती माणसाने पाण्याकडून मागून घेतली आहे. पोर्तुगीज 1510 मध्ये येथे आले त्याच्या कितीतरी आधी आमच्या पूर्वजांनी खारफुटीच्या दलदलीला चिखल, भाताचा पेंढा, बांबू आणि जांभा दगड यांचे बांध घातले आणि आतल्या जमिनीत कोरगूट, आसगो यांसारखी, खारे पाणी थोडेबहुत सोसणारी भाते पिकवली. बांधात ठिकठिकाणी लाकडी दारांची मानस बसवली. या मानशीची करामत पाहण्यासारखी असते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तिची दारे आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आत साचलेले पावसाचे पाणी त्याच दारांना ढकलून बाहेर निघून जाते. ना तेल, ना वीज, ना अभियंता. फक्त दार सरळ बसलेले असावे, फळी कुजलेली नसावी आणि बांधात भोक नसावे.

येथेच सारी गोम आहे. भरती दिवसातून दोनदा येते. ती सुट्टी घेत नाही, निवडणुकीची आचारसंहिता पाळत नाही, मंत्र्याच्या तारखेसाठी थांबत नाही. बांध फुटतो तो बहुधा एखाद्या वादळाने फुटला असे आपण म्हणतो. पण वादळ शेवटचा धक्का देते एवढेच. सुरुवात कुर्लीच्या एका बिळापासून झालेली असते. त्या बिळातून पाणी झिरपू लागते, चार दिवसांत तेथे बोट जाते, महिन्याभरात हात, आणि पावसाळ्यातील अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या भरतीला तेथे खिंडार पडते. बीळ दिसले त्याच दिवशी पाटीभर चिखल लिंपला असता तर अर्ध्या तासाचे काम होते. खिंडार पडल्यावर लाखांची निविदा निघते. आणि एकदा खारे पाणी शेतात बसले की ते मीठ धुऊन निघायला काही पावसाळे जावे लागतात. तोपर्यंत तेथे खारफुटी उगवते, मग ती खारफुटी कायद्याने संरक्षित ठरते, आणि ज्या जमिनीवर आजोबांनी भात मळले त्या जमिनीकडे नातू रस्त्यावरून बोट दाखवतो.

हा बांध पूर्वी कोण सांभाळत असे? गांवकरी, म्हणजेच पोर्तुगीज अमदानीत जिला कोमुनिदाद हे नाव मिळाले ती ग्रामसंस्था. तिचे रीतिरिवाज 1526 च्या फोरालमध्ये लेखी नोंदवले गेले. संस्था अर्थातच त्याहून जुनी. गावच्या उत्पन्नातून आधी सामायिक खर्च निघे, त्यात बांध-मानशीची डागडुजी येई, आणि उरलेल्यातून गांवकारांना झोण, म्हणजे नफ्याचा वाटा मिळे. आधी बांध, मग वाटा, हा तो क्रम. आजच्या अर्थसंकल्पांनी शिकावा असा हा क्रम आहे. पण या संस्थेच्या आठवणीने गहिवरून जाणाऱ्यांपैकी आम्ही नाही. गांवकरी ही लोकशाही नव्हती. गांवकाराच्या पुरुष वंशजांनाच तेथे आवाज होता. बांधाचा चिखल ज्यांनी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून उचलला, त्या कष्टकऱ्यांना त्या बैठकीत जागा नव्हती. बायकांचा तर प्रश्नच नव्हता. बांध टिकला तो थोड्यांच्या हुकुमाने आणि पुष्कळांच्या घामाने. तो जमाना गेला याचे दुःख करण्याचे कारण नाही.

मुक्तीनंतर चित्र पालटले आणि ते न्याय्य रीतीने पालटले. भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकिर्दीत 1964 चा कूळ कायदा आला. पुढे शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना, 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने, कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानण्यात आले. ज्या माणसाने पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या शेतात वाकून काम केले तो ताठ उभा राहिला. गोव्याच्या इतिहासात यासारखी थोडीच पाने आहेत आणि त्या पानावर आज कोणी शिंतोडे उडवू पाहील तर आम्ही त्याच्या विरुद्ध बाजूला उभे राहू.

मात्र जमीन वाटता आली तसा बांध वाटता येईना. शेताचे तुकडे होतात, मेर घालून माझे-तुझे ठरवता येते. बाहेरचा बांध एकच असतो. माझ्या शेतासमोरचा हात-दोन हात मी कितीही पक्का बांधला आणि पलीकडच्याने आपला भाग ढासळू दिला, तर पाणी काही माझे शेत ओळखून वळसा घालून जात नाही. हे कायदा करणाऱ्यांनाही कळले होते. म्हणून 1975 मध्ये नियम करण्यात आले, आणि त्या नियमांचे नाव कोणत्याही भाषणापेक्षा बोलके आहे: कुळांच्या संयुक्त जबाबदारीचे पालन. त्यांतून कुळांचे संघ उभे राहिले, गावात ज्यांना सगळे टेनंट असोसिएशन म्हणून ओळखतात. ज्या कुळांचे हित एका बांधात गुंतले आहे त्यांचा एक संघ, त्याची निवडलेली समिती, तिच्याकडे निधी आणि तिच्या डोक्यावर बांध. हुकूम करणाऱ्या थोड्यांच्या जागी सर्वांनी मिळून निवडलेली माणसे. लोकशाहीचे याहून लहान आणि याहून संपूर्ण रूप आम्हाला ठाऊक नाही. दिल्लीच्या संसदेत बसणारे जे काम देशासाठी करतात तेच काम येथे पन्नास-शंभर कुटुंबांनी आपल्या एका बांधासाठी करायचे होते.

या व्यवस्थेचे पुढे काय झाले, ते खाडीकाठच्या कोणत्याही गावात विचारावे. काही संघ उत्तम चालतात. त्यांच्या बांधांवरून चालताना पायाखालची माती सांगते की येथे कोणीतरी लक्ष देत आहे. त्यांची नावे वृत्तपत्रात येत नाहीत, कारण न फुटलेल्या बांधाची बातमी होत नसते. (हा आमच्या धंद्याचा दोष आहे.) पण कितीतरी संघ कागदावर उरले. सर्वसाधारण सभेला माणसे येत नाहीत, निवडणुका वेळेवर होत नाहीत, तीच ती मंडळी वर्षानुवर्षे समितीवर राहतात, कधी सत्तेच्या लोभाने आणि पुष्कळदा केवळ दुसरा कोणी पुढे येत नाही म्हणून. एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव अजून आजोबांचे. आजोबा वारले, मुलगे मुंबईला, नातवंडे आखातात किंवा इंग्लंडात. वर्गणी मागायची कोणाकडे? शेत पडीक, पण हक्क सोडायला कोणी तयार नाही. बारभाईची खेती, काय लागेल हाती, ही म्हण आमच्या वाडवडिलांनी उगाच रचली नाही.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे आणि तिचा उच्चार सहसा दबक्या आवाजात होतो. मानशीवर जाळे लावून मासळी धरण्याचा हक्क दरवर्षी पावणीत, म्हणजे लिलावात, दिला जातो. त्या पैशातून बांध सांभाळला जावा ही मूळ कल्पना. भात पिकवून हाती लागते ते थोडे आणि मासळीला, विशेषतः कोळंबीला, भाव मोठा. तेव्हा मानशीची दारे भरतीला मिटण्याऐवजी उघडी राहिली तर बरे, असे वाटणारी माणसे निर्माण झाली. दार अडवून ठेवले जाते, कोठे आतला बांध मुद्दाम कापला जातो, खारे पाणी आत येते, पाण्याबरोबर मासळी येते. चौघांची चार महिन्यांची कमाई होते आणि तीस जणांची शेते कायमची बुडतात. आणि एकदा शेत बुडून पडीक झाले की ते भराव घालून विकायला मोकळे झाले असे मानणारे गिऱ्हाईक दारात उभेच असते. वास्तविक कुळांना मिळालेली जमीन शेतीखेरीज अन्य कामासाठी वापरू नये असे 1991 चा भू-वापर नियमन कायदा सांगतो. शेतजमिनीच्या हस्तांतरावर बंधने घालणारा कायदा 2023 मध्येही झाला. 2011 च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत तर गोव्याच्या खाजन जमिनींच्या रक्षणाची वेगळी तरतूद आहे. कायद्यांचा तुटवडा नाही. मध्यरात्री मानशीच्या दारात कोणी लाकूड अडकवले, हे पाहणाऱ्याने सकाळी ते सांगायचे की नाही, याबद्दल मात्र कोणत्याही अधिनियमात कलम घालता येत नाही.

कारण पाहणारा असतोच. गाव लहान असते. कोणी बांध कापला हे सर्वांना ठाऊक असते. पण कापणारा कोणाचा मेहुणा असतो, कोणाचा देणेकरी असतो, पंचाचा माणूस असतो. उद्या त्याच्याच दारावरून जायचे आहे, त्याच्याच घरी चतुर्थीच्या आरतीला उभे राहायचे आहे. मग आपण म्हणतो, मला काय करायचे आहे? या एका वाक्याने या राज्यातील जितकी जमीन बुडाली तितकी चक्रीवादळांनी बुडाली नसेल. परकीय सत्तेविरुद्ध बोलायला धैर्य लागते हे आम्ही जाणतो. आग्वादच्या कोठड्यांनी ते पाहिले आहे. पण परकीयाविरुद्ध बोलून घरी आल्यावर शेजारी पाठीवर हात ठेवतो. शेजाऱ्याविरुद्ध बोलून घरी आल्यावर मात्र घरचेही म्हणतात, तुला कोणी सांगितले होते? लोकशाहीत नागरिकाला लागणारे धैर्य हे या दुसऱ्या जातीचे आहे. त्याला ताम्रपट मिळत नाही.

येथे सरकारला सोडून देण्याचा आमचा विचार नाही. खनिज वाहून नेणाऱ्या बार्जींच्या लाटांनी मांडवी-झुआरीच्या काठचे बांध वर्षानुवर्षे खचवले आणि त्या खाणींतून ज्यांनी पैसा केला त्यांनी बांधावर किती माती टाकली हे सर्वश्रुत आहे. डागडुजीचा पैसा कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाकडून येतो; पण प्रस्ताव, अंदाजपत्रक, मंजुरी आणि निविदा हा प्रवास करून तो येईपर्यंत पावसाळा येतो. ठेकेदार येतो, यंत्राने माती ओढतो, फोटो काढतो, जातो. पेंढा कोठे घालायचा, बांबू कसा रोवायचा, कोणत्या ओहोटीला हात घालायचा, हे ज्ञान असलेली म्हातारी माणसे बांधावर उभी राहून पाहत असतात. त्यांना कोणी विचारत नाही. मामलेदारावर कुळांच्या संघांची देखरेख सोपवली आहे, परंतु त्याच्या टेबलावर निवडणुकांपासून दाखल्यांपर्यंत इतके काही साचलेले असते की बांधाची फाईल तळाशीच जावी. हे सारे खरे आहे. या दोषांवर सरकारला जाब विचारायलाच हवा. परंतु जाब विचारणार कोण? ज्या संघाने तीन वर्षे सभा घेतली नाही, तो कोणत्या तोंडाने मामलेदाराकडे जाणार? सरकारला कामाला लावण्यासाठीसुद्धा आधी नागरिकाला स्वतः खुर्चीत येऊन बसावे लागते.

आणि खुर्चीत बसण्याचाच तर आपल्याला कंटाळा आहे. आंदोलनात आम्ही गोमंतकीय कोणाला हार जात नाही. 18 जून 1946 रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी नागरी स्वातंत्र्याची हाक दिली तेव्हा लोक मैदानात आले. 1955 च्या सत्याग्रहात गोळ्या झेलल्या गेल्या. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात संघप्रदेशाच्या बाजूने 1,72,191 आणि विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 मते पडली. हा निकाल मराठी वृत्तपत्रांच्या वाचकांपैकी अनेकांच्या मनाविरुद्ध गेला, पण तो त्यांनी मानला, हेही नागरिकत्वाचे मोठे काम होते. 2007 च्या आरंभी लोकांच्या रेट्याने प्रादेशिक आराखडा 2011 मागे घ्यावा लागला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विशेष आर्थिक क्षेत्रेही. मतदानातही आपण मागे नाही. 2017 च्या विधानसभा निवडणुकीत 80 टक्क्यांहून अधिक मतदारांनी मत दिले. पूर आला की आपण धावतो. प्रश्न आहे तो पूर नसलेल्या दिवसांचा.

18 जूनचे स्मरण पणजीतील एका मुख्य रस्त्याला त्या दिवसाचे नाव देऊन आपण जपले आहे. त्या रस्त्यावर खरेदी करणाऱ्यांपैकी किती जणांना आठवते की त्या दिवशी मागणी कोणती होती? मागणी अगदी साधी होती. परवानगीवाचून माणसांनी एकत्र जमावे, बोलावे, आपल्या कारभाराची चर्चा करावी. आज 73 व्या घटनादुरुस्तीने आणि 1994 च्या गोवा पंचायत राज कायद्याने तशी सभा केवळ परवानगीची नव्हे तर सक्तीची केली आहे. गोव्यातील 191 पंचायतींना वर्षातून चार नियमित ग्रामसभा घ्याव्याच लागतात. शिवाय विशेष सभा वेगळ्या. ज्या सभेसाठी एका पिढीने तुरुंग पाहिला तिच्या खुर्च्या रिकाम्या राहतात आणि पुरेशी संख्या नसल्याने ती तहकूब होते. एखादा मोठा प्रकल्प गावावर आला तर तीच ग्रामसभा ओसंडून वाहते, माइकसाठी ओढाताण होते, पोलीस बोलवावे लागतात. दुसऱ्या तिमाहीला पुन्हा सरपंच, सचिव आणि नेहमीचे आठ-दहा.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दिवसभर बसमध्ये उभे राहून वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या कारखान्यात जाणाऱ्या तरुणाला आठवड्यातून एक रविवार मिळतो. तो दिवस घरचा, बाजाराचा, मुलांचा. बाईमाणसाला तर तोही नाही. त्यांनी ग्रामसभेत तीन तास बसून दोन पंचांमधले भांडण ऐकावे ही अपेक्षा निष्ठुर आहे. आम्हाला ते मान्य आहे. प्रत्येकाने प्रत्येक सभेला जावे असे आम्ही म्हणत नाही. गांवकरीच्या काळीही सारा गाव रोज बांधावर जात नसे. बांधावर नजर ठेवायला नेमलेला माणूस असे. घराने आपसांत ठरवावे: या वेळी मी, पुढच्या वेळी तू. वाड्यावरच्या दहा घरांनी ठरवावे. पाळी लावली की वर्षातून एखादाच रविवार प्रत्येकाच्या वाट्याला येतो. तेवढा वेळ आपण लग्नाच्या पंगतीत घालवतोच.

दुसरा आक्षेप असा की ज्याचे शेत नाही त्याला बांधाशी काय कर्तव्य? हा प्रश्न विचारणाऱ्याने आपल्या विहिरीतील पाणी चाखून पाहावे. बांध केवळ भात राखत नाही. तो विहिरींचे गोडे पाणी राखतो, सखल भागातील घरे आणि रस्ते राखतो, पावसाच्या पाण्याला उतरायला जागा ठेवतो. समुद्राची पातळी वाढत आहे हे आता शास्त्रज्ञांचे भाकीत राहिलेले नाही, मोजलेली वस्तुस्थिती आहे. तेव्हा बांध हा कुळांच्या संघाचा खाजगी मामला आहे असे ग्रामसभेने समजणे चूक आहे. आणि ग्रामसभेने त्यात नाक खुपसू नये असे संघाने समजणेही तितकेच चूक. जमीन ज्याची त्याची असेल, पाणी सगळ्यांचे आहे.

म्हणून आम्ही काही अगदी बारीकसारीक गोष्टी सुचवतो. त्या सुचवताना ‘यात विशेष काय’ असे वाचकांना वाटेल, आणि तसे वाटावे हीच आमची इच्छा आहे. प्रत्येक तालुक्याच्या मामलेदाराने आपल्या कक्षेतील कुळांच्या संघांची यादी, त्यांच्या समितीची शेवटची निवडणूक कोणत्या तारखेला झाली, शेवटचा हिशेब कधी तपासला गेला, या नोंदींसह पंचायतीच्या फलकावर लावावी. मानशीची पावणी कोणाला, किती रकमेला गेली आणि त्यातील किती रक्कम बांधावर खर्च झाली, हे ग्रामसभेत वाचून दाखवावे. वाचून दाखवण्याने पुष्कळ काही होते. बंद कपाटात वाढणारी बुरशी उजेडात वाढत नाही. लिलाव घेणाऱ्याकडून दारे भरतीला मिटलेली राहतील अशी लेखी हमी घ्यावी आणि ती मोडल्यास पुढच्या वर्षी त्याला बोली लावू देऊ नये. वारसांची नावे उताऱ्यावर चढवण्यासाठी महसूल खात्याने गावात येऊन बसावे; परदेशी असलेल्या नातवाला आपण या बांधाचे भागीदार आहोत हे निदान कागदावर तरी कळू द्या. आणि ज्या म्हाताऱ्यांना चिखल-पेंढ्याचे काम येते त्यांच्या हाताखाली चार तरुण द्यावेत, मजुरी देऊन द्यावेत. श्रमदानाचे फोटो आम्ही पुष्कळ छापले आहेत. मजुरीची नोंदवही छापायला आम्हाला अधिक आवडेल.

यांतील बहुतेक गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही, नवा निधी लागत नाही, मंत्र्यांचा होकारही लागत नाही. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर ‘बांध व मानस’ हा एक विषय घाला, असे पत्र पंचायतीच्या सचिवाला द्यायला एक कागद पुरेसा आहे. त्याची पोच मात्र घ्यावी. बांधावर घातलेली माती पावसापूर्वी बसायला हवी असेल तर ती मे महिना संपायच्या आत पडली पाहिजे, आणि माती मे महिन्यात पडायची तर ठराव जानेवारीच्या सभेत व्हायला हवा.